मटणाकडे सन्मानाने

२ मार्च, सोमवार

रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन कमी, बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. डॉक्टरीणबाईंनी माझी खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, फिकट आहे. फिकट! अहो बाई, पेंटच्या कंपनीत शेड मॅचिंगचा हेड आहे मी. फिकट हा काय शब्द झाला? शेड सांगा, टोन सांगा. पण डॉक्टर लोकांना रंगातलं काय कळतंय. स्वतःच्या दवाखान्याला तो मेला शेवाळी हिरवा फासून बसल्यात.

गोळ्या लिहून दिल्या. मी सहज विचारलं, मांस खावं लागेल का? म्हणाल्या, मुळीच गरज नाही, गोळ्यांनी भरून येईल, तुमचं व्हीगन खुशाल चालू ठेवा. तोंडाने असं म्हणाल्या. डोळ्यांत मात्र स्पष्ट दिसत होतं की बाई मांस खायलाच सांगताहेत, केवळ माझ्या तत्त्वांचा मान राखून उघड बोलत नाहीत.

तेव्हा वैद्यकीय सल्ल्यानुसार मांसाहार सुरू करणं भाग आहे. माझी स्वतःची इच्छा शून्य.

गोळ्यांचं पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. गोळ्या खाणं हे दुबळ्या लोकांचं काम.

३ मार्च, मंगळवार

सात वर्षं मी मांस, मासे, अंडी, दूध, दही, मध यांतलं काही तोंडात घातलेलं नाही. लोकांना साधा दुपारचा चहा सोडवत नाही. (माझ्या चहात सोयाचं दूध असतं. फाटतं. मी तसाच पितो. याला म्हणतात निर्धार.)

आता परत फिरायचं तर चोरासारखं नाही. सन्मानाने. कुणीतरी आग्रह करायचा. मी नाही म्हणायचं. त्यांनी पुन्हा गळ घालायची, डोळ्यांत पाणी आणायचं, आणि मग समोरच्याचं मन मोडवत नाही म्हणून मी एक तुकडा उचलायचा. एकच. मग बघू.

हा आग्रह बायकोच्या आवाक्यातला नाही. तिला सांगितलं तर म्हणेल, बरं, येताना आणा अर्धा किलो. यात सन्मान कुठे आला? शिवाय तिला स्वतःचं असं मतच नाही. मी सोडलं त्या दिवशी तिनेही हूं की चूं न करता सोडलं. अशी माणसं काय आग्रह करणार! दर आठ-पंधरा दिवसांनी माहेरी जाऊन येते आणि येताना कशी तुकतुकीत दिसते. तिकडची हवा चांगली आहे. बॅगेला कधी कधी तळलेल्या माशांचा वास येतो, पण माहेर बाजाराजवळ आहे, त्याला तिने काय करावं.

आग्रह करावा तो ताईनेच.

४ मार्च, बुधवार

ताईबद्दल नीट लिहून ठेवतो.

आई गेली तेव्हा मी शाळेत होतो. ताईचं नुकतंच लग्न झालेलं. तिने मला उचललं आणि आपल्या घरी नेऊन वाढवलं. दर रविवारी मटण. तिचं एक जाड बुडाचं मोठं पातेलं आहे, बाहेरून काळंकुट्ट. रविवारी ते चढलं की मी गल्लीच्या टोकापासून ओळखायचो. नळी नेहमी माझ्या ताटात. भावोजींनी नळीकडे बघितलं की ताई भावोजींकडे बघायची. मी नळी ताटावर ठोकून आतलं सगळं ओढून घ्यायचो. त्या ताटाला अजून पोचे असतील. हे मी भावूक होऊन लिहीत नाहीये, वस्तुस्थिती म्हणून लिहितोय.

सात वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. तेच पातेलं भरून मटण. मी नुकताच व्हीगन झालेलो. लॅपटॉप घेऊन गेलो होतो. पानं वाढून झाल्यावर मी कत्तलखान्याच्या फोटोंसह अत्यंत संयमाने चार शब्द बोललो. पाहुणे मध्येच उठले. भावोजींचे साहेब हात न धुता गाडीत जाऊन बसले. ताई स्वयंपाकघरात रडत होती. मी आत जाऊन तिला समजावलं की रडू येणं हे जागृतीचं लक्षण आहे. हेही सांगितलं की ज्या घरात या पातेल्यात मांस शिजतं त्या घरात मी पाण्याचा थेंब घेणार नाही.

शब्दाचा पक्का आहे. घेतलेला नाही. दोन-चार महिन्यांतून जातो, सोफ्याच्या टोकावर बसतो, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पितो आणि येतो. ताई समोर बसून माझ्या बाटलीकडे बघत राहते.

पण बाईचा हट्ट बघा. सात वर्षांत एकदाही जेवायला थांब म्हणालेली नाही!

६ मार्च, शुक्रवार

कॅन्टीन. माझं टेबल खिडकीपाशी. त्यावर मी ‘मांसमुक्त टेबल’ असा बोर्ड ठेवलेला आहे. अक्षरं पानाच्या हिरव्या रंगात, शेड माझीच. सुरुवातीला आम्ही तिघं बसायचो. एकाची बदली झाली, दुसऱ्याला म्हणे खिडकीतून वारा लागतो. आता मी एकटाच. मोकळं बसता येतं.

पलीकडच्या टेबलावर टिंटिंगचा, म्हणजे रंग मिसळायच्या मशीनवरचा ऑपरेटर. याला मी मनात बोक्या म्हणतो. रोज मासे. काटे ओठांनी असे साफ करून बाहेर काढतो की बघवत नाही. मी आज जेवण संपेपर्यंत बघत होतो. शिसारी आली.

माझ्या डब्यात उकडलेला भोपळा आणि सोयाचे गोळे. अर्धे परत आणले. भूक नसते हल्ली. जिने चढताना धाप लागते, ती जिन्याचं डिझाइन चुकल्यामुळे.

९ मार्च, सोमवार

ताईला फोन केला. मटणाचा विषय काढायचा नाही, फक्त तिला संधी द्यायची, असं ठरवलं होतं. म्हणालो, अशक्तपणा आलाय. म्हणालो, डॉक्टर काळजीत आहेत. म्हणालो, लहानपणी रविवारी किती छान वाटायचं, नाही? इतकं ताट वाढून समोर ठेवलं!

ताई काकुळतीला आली. म्हणाली, चिमण्या, खातोस ना रे नीट? (या वयात चिमण्या.) मग म्हणाली, खजूर खा.

खजूर! मी फोन ठेवला. रक्ताचं नातं, आणि एवढं साधं ओळखता येत नाही.

१२ मार्च, गुरुवार

ताईच्या भरवशावर बसून चालणार नाही. तोंडाला सवय म्हणून आधी बाहेर रंगीत तालीम करायची ठरवली. ऑफिसपासून लांबचं हॉटेल निवडलं. कोपऱ्यातलं टेबल. मटण करी सांगणार, एवढ्यात समोरच्या टेबलावर कोण? आमच्या व्हीगन गटाचे खजिनदार! हातात कोंबडीची तंगडी. गेल्याच महिन्यात यांनी मधमाशांच्या शोषणावर भाषण केलं, तेव्हा स्वतःच्याच भाषणाने यांचा कंठ दाटून आला होता.

त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. दोघांनीही मेनूकार्ड तोंडासमोर धरलं. त्यांचं उलटं होतं.

मी लिंबू सोडा प्यायलो आणि निघालो. असल्या ढोंगी लोकांमुळेच चळवळी बुडतात. निदान मी तिथे वैद्यकीय कारणाने गेलो होतो.

१५ मार्च, रविवार

बायको माहेरी. आज स्वतःच करायचं. बायका स्वयंपाकाचा उगाच बाऊ करतात. त्यातलं शास्त्र कळलं की संपलं.

टोपी आणि गॉगल घालून खाटकाकडे गेलो. मला बघताच म्हणाला, वहिनी माहेरी नेतात तेच देऊ का? गर्दीच्या धंद्यात माणसाची गल्लत होते. मी पिशवी घेतली. मटण चांगलं आहे, म्हणाला.

आता शास्त्र. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ताईच्या रश्शाची शेड मॅच करून एक कार्ड बनवलं होतं. विटकरी लाल, त्यावर किंचित तपकिरी झाक, तेलाची चमक वेगळी नोंदवलेली. ते कार्ड इतकी वर्षं कपाटात शर्टांच्या खाली आहे. रेफरन्स म्हणून. म्हटलं, रंग तंतोतंत जुळला की पदार्थ तंतोतंत झालाच पाहिजे, दुसरं काय होणार? कारखान्यातही आम्ही हेच करतो.

तेल, कांदा, मटण, पाणी. मग तिखट घातलं. पांढऱ्या बशीवर रस्सा पातळ पसरून खिडकीशी कार्डाला लावून बघितला. नारिंगीकडे झुकत होता. टोमॅटो घातला. जास्त झाला. हळद घालून सारखा केला. सोया सॉसचे थेंब टाकले आणि काय सांगू, हुबेहूब! उन्हात, ट्यूबलाइटमध्ये, पिवळ्या बल्बखाली, तिन्हीकडे मॅच.  एकदा जास्त ढवळलं तर शेड हलणार, म्हणून तत्काळ गॅस बंद केला.

१५ मार्च, दुपारनंतर

रंग शंभर टक्के.

मटण चपलेसारखं. एक तुकडा इतका वेळ चावला की जबडा दुखला, शेवटी रुमालात घेतला. रश्शाला चव अशी नाहीच, नुसतं तिखट. खिडकीत मांजर आलं, त्याला एक तुकडा टाकला. त्याने हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि पाय चाटत बसलं. अत्यंत गर्विष्ठ प्राणी.

दोष खाटकाचा. सगळं केराच्या डब्यात टाकून वर वर्तमानपत्र ठेवलं.

१६ मार्च, सोमवार

बायको परत आली. तुकतुकीत. केर टाकताना बराच वेळ डब्यात बघत उभी होती. मग ओट्यावर राहिलेलं माझं कार्ड उचलून माझ्या हातात दिलं. मी म्हणालो, ऑफिसचा प्रयोग होता. ती म्हणाली, मटण खायचंय तर ताईंना सरळ सांगा ना, त्या हरखून जातील.

सरळ सांगा! या बाईला सन्मान या शब्दाचा अर्थ समजावण्यात जन्म जाईल.

१९ मार्च, गुरुवार

हॉस्पिटलच्या भिंतींसाठी क्रीम रंगाची मोठी बॅच मी पास केली होती. साहेबांनी बोलावून दाखवली. म्हणाले, हा गुलाबी आहे. मी म्हणालो, क्रीमच आहे, तुम्ही चष्म्याचा नंबर तपासा. म्हणाले, अख्ख्या डिपार्टमेंटला गुलाबी दिसतोय. अख्ख्या डिपार्टमेंटचं शिक्षण काय, हे मला माहीत आहे.

खात्री करायला रंग लावलेलं पॅनेल शेड तपासायच्या लाइट बॉक्समध्ये ठेवलं, वाकून डोकं आत घातलं, आणि पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तर फरशीवर होतो आणि डोकं बोक्याच्या मांडीवर. त्याने सगळ्यांसमोर एक पांढरं शेड कार्ड माझ्या गालाला लावून बघितलं आणि म्हणाला, मॅच आहे. लोक हसले. नालायक. त्याच्या हातांना तळलेल्या माशांचा वास येत होता. मी जरा जास्त वेळ पडून राहिलो.

साहेबांनी सक्तीची रजा दिली. एवढ्या बॅचेस पास केल्या, त्याचं हे बक्षीस.

२० मार्च, शुक्रवार

विजय!

बायकोने काल परस्पर ताईला कळवलं असणार, कारण आज ताईचा फोन. आवाज घोगरा. म्हणाली, रविवारी माझ्याकडे जेवायला ये. सात वर्षांनी वाकली! मी लगेच हो म्हणालो नाही. म्हणालो, बघतो.

मग तिने घाबरत घाबरत विचारलं, पातेल्याचं तुझं अजून तसंच आहे का रे? म्हणजे घरात त्यात मटण शिजत असेल तर तू घास घेणारच नाहीस का?

इथेच खरा मुत्सद्दीपणा लागतो. लगेच सैल सोडलं तर आग्रहाची किंमत काय राहिली? मी आवाज कडक केला. म्हणालो, ताई, तत्त्व म्हणजे तत्त्व. आता रविवारी तिला गयावया करावी लागणार, आणि मग मी विरघळणार. सगळा बेत बसला.

 ती म्हणाली, बरं, मी बघते काय करायचं ते.

बायको दारात उभी राहून ऐकत होती. कपाळावर हात मारून आत गेली. हिला डोकेदुखीचा त्रास आहे.

२२ मार्च, रविवार, सकाळ

कालपासून पोटात फारसं काही नाही. मुद्दाम. गडद तपकिरी शर्ट काढला, रश्शाचा डाग पडला तरी दिसणार नाही. पाण्याची बाटली न्यायची नाही. ताईला पहिली खूण तिथेच मिळेल.

आरशासमोर तालीम केली. पहिल्या आग्रहाला नुसती मान हलवायची. दुसऱ्याला डोळे मिटून घ्यायचे. तिसऱ्याला म्हणायचं, केवळ तुझ्यासाठी, ताई. नळीसाठी हात लगेच पुढे करायचा नाही.

तोंडाला पाणी वगैरे अजिबात सुटलेलं नाही. पित्त असावं.

२२ मार्च, संध्याकाळ

गेलो.

गल्लीच्या टोकाला थांबून श्वास ओढला. वास आला नाही. म्हटलं, वारा उलटा असेल.

ताई दारातच उभी होती. किती म्हातारी दिसायला लागली आहे! माझ्या हातात बाटली नाही हे तिने बघितलं आणि तिचे डोळेच भरून आले. मला ओढतच आत नेलं. स्वयंपाकघर दाखवलं. भिंती नव्याने रंगवलेल्या. डबे नवे, कढया नव्या, चमचेसुद्धा नवे. म्हणाली, चिमण्या, या घरात आता मांस शिजत नाही. पुन्हा कधी शिजणारही नाही. तू चक्कर येऊन पडलास असं कळलं, तेव्हाच ठरवलं. माझा भाऊ माझ्या घरी घास घेत नाही आणि मी बसून नळ्या चोखू? तुझं तेव्हाचं बोलणं मला फार लागलं होतं रे, म्हणाली, पण माझंच चुकलं, आधीच ऐकायला हवं होतं.

मी तोंड उघडलं. ती म्हणाली, काही बोलू नकोस, बस.

पान वाढलं. तेच पोचे पडलेलं ताट. घासून घासून आरशासारखं केलेलं. त्यात तोफू. सगळ्यात मोठा तुकडा तिने शोधून माझ्या पानात टाकला, अगदी पूर्वी नळी टाकायची तसा, आणि भावोजींनी बघितलं तेव्हा त्यांच्याकडे डोळे वटारले. भावोजींना त्या तुकड्याची काही पडलेली नव्हती. भावोजी तुरुंगातल्या माणसासारखे जेवत होते.

ताई माझ्या प्रत्येक घासाकडे बघत होती. सात वर्षं वाट बघितली या दिवसाची, म्हणाली. मला रडू आलं. ताई म्हणाली, तिखट झालंय का? मी हो म्हणालो. तिखट नव्हतंच, मीठही कमी होतं. दोनदा वाढून घेतलं.

हात धुवायला मागच्या दारी गेलो. तिथे ते पातेलं. मातीने भरलेलं. नर्सरीतून आणलेला पुदिना लावलाय. पाणी निघून जावं म्हणून भावोजींकडून बुडाला भोकं पाडून घेतली, हे ताईने कौतुकाने सांगितलं. मी वाकून बघितली. मोठी भोकं आहेत. झाळूनसुद्धा भरणार नाहीत.

निघताना भावोजी फाटकापर्यंत आले. इकडे तिकडे बघून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, ती फक्त तुझं ऐकते. एकदाच म्हण की खाल्लं तरी चालतं. मी नवीन पातेलं आणतो, उद्याच आणतो. माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. या वयात जिभेचे इतके चोचले! आणि मी हे म्हणायचं कसं? ताई दारात उभी राहून हात हलवत होती. सात वर्षांत इतकी हसताना बघितली नव्हती.

मी भावोजींना म्हणालो, तत्त्व म्हणजे तत्त्व.

आता दर रविवारी जेवायला जायचं आहे. पुढच्या रविवारी ती शेजारच्या बायकांनाही बोलावणार आहे. मी लॅपटॉप घेऊन यायचा आहे.

२३ मार्च, सोमवार

ड्रॉवरमधून गोळ्या काढल्या. एक घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, मांस खायची मुळीच गरज नाही. त्या हिरव्या भिंती सोडल्या तर बाई हुशार आहे.

बायको संध्याकाळी माहेरी जाणार. मी विचारलं, मीही येऊ का? ती घाईघाईने म्हणाली, तिकडची हवा तुम्हाला मानवायची नाही.

ताईने काल निघताना त्या पातेल्यातल्या पुदिन्याची जुडी दिली होती. आज बाहेर काढली. दार लावून घेतलं आणि मुळापासून शेंड्यापर्यंत नीट वास घेऊन बघितला.

नुसता पुदिना आहे.